सेल्फ फिरतो पण गाडी लागत नाही: पंप, ईसीएम बदलण्याआधी काय तपासायचं

तुमची तक्रार थोडक्यात अशी: 2014 ची पेट्रोल-सीएनजी हॅचबॅक, गॅसचं किट बाहेरून बसवलेलं. पावसात दोन-तीन आठवडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी होती. आता चावी फिरवली की सेल्फ दणकून फिरतो, पण इंजिन पकडत नाही. गॅरेजवाल्याने आधी बॅटरी बदलली, मग सगळे प्लग बदलले, आणि आता म्हणतोय, ‘पंप गेला असेल, नाहीतर ईसीएम.’ ईसीएमचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा, खर्चाचा आकडा ऐकून गाडी काढून टाकावी का, असं तुम्ही विचारताय.

गाडी काढू नका, आणि तूर्त एकही नवा पार्ट घालू नका. आतापर्यंत झालं ते निदान नव्हतं, अंदाज होते आणि त्यांचं बिल तुम्ही भरलंत.

सगळे प्लग एकाच रात्री जात नाहीत. सगळ्या कॉइल किंवा सगळे इंजेक्टरही एकदम मरत नाहीत. एक प्लग गेला तर इंजिन मिसिंग करेल, थरथरेल, पण लागेल. अख्खं इंजिन गप्प असेल तर दोष सगळ्या सिलिंडरांच्या सामायिक गोष्टीत असतो, आणि अशा गोष्टी मोजक्याच आहेत: टाकीतलं पेट्रोल, पंप आणि त्याचं प्रेशर, क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणारा), मेन रिले (ईसीएमला करंट देणारा स्विच) आणि फ्यूज, अर्थिंग, इमोबिलायझर (चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन लागू न देणारी यंत्रणा), टायमिंग चेन किंवा बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारा), आणि सगळ्यात शेवटी ईसीएम. तपासणी याच यादीत फिरली पाहिजे. प्लग या यादीत फक्त ‘ओले झालेत का’ एवढ्यापुरते येतात.

सुरुवात कानापासून करा. बरं इंजिन सेल्फवर फिरतं तेव्हा लयीत आवाज येतो, प्रत्येक सिलिंडर दाबाला आला की सेल्फला किंचित जड जातं. ती लय नाहीशी होऊन नुसतं ‘व्हिर्र’ असं मोकळं, नेहमीपेक्षा भरभर फिरत असेल तर कॉम्प्रेशन गेलंय. म्हणजे बेल्ट तुटला किंवा चेन उडी मारून टायमिंग हललं. अशा वेळी सेल्फ मारणं तिथेच थांबवा. बऱ्याच इंजिनांत टायमिंग चुकलं की पिस्टन व्हॉल्व्हला जाऊन भिडतो, आणि प्रत्येक सेल्फला हेडचं काम वाढत जातं.

गाडी पावसात उभी होती, म्हणून आणखी एक गोष्ट आधी बघायची: पार्किंगमध्ये पाणी किती चढलं होतं? एअर फिल्टरच्या डब्यापर्यंत पोहोचल्याची शंका जरी असली तरी प्लग काढल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर उत्साहाने चावी फिरवण्यात अशा गाडीचं इंजिन कायमचं जातं. तुमच्या सांगण्यावरून पाणी चाकाच्या वर आलं नव्हतं, म्हणून पुढे जाऊ.

बॅटरी नवी आहे म्हणून ती बाजूला ठेवता येत नाही. मल्टिमीटर लावा. गाडी बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. खरा आकडा सेल्फ चालू असतानाचा: तो 10 च्या आसपास किंवा वर राहायला हवा. 9.5 च्या खाली जात असेल तर सेल्फ कसाबसा फिरेल, पण ईसीएम आणि कॉइलला पुरेसा करंट मिळणार नाही. आता मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरून पुन्हा सेल्फ मारायला सांगा. इथे 0.2-0.3 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिनची अर्थिंगची पट्टी गंजलीय किंवा बॅटरी बदलताना ढिली राहिलीय. कोकणात आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत हे फार होतं, आणि दुरुस्ती म्हणजे सँडपेपर आणि एक पाना.

त्याच वेळी डॅशबोर्ड बघा. चावी ऑन केली की चेक इंजिनचा दिवा लागायलाच हवा. तो लागतच नसेल तर ईसीएमला सप्लाय मिळत नाहीये: मेन रिले, फ्यूज किंवा इग्निशन स्विच. फ्यूज डोळ्यांनी बघून ‘चांगला आहे’ म्हणू नका, टेस्ट लॅम्पची क्लिप अर्थला लावून फ्यूजची दोन्ही टोकं एकेक करून तपासा, दोन्हीकडे दिवा लागायला हवा. रिलेची शंका असेल तर त्याच नंबरचा हॉर्नचा रिले काढून तिथे बसवून बघा, फुकटातली टेस्ट आहे. चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह सेल्फ मारताना लुकलुकत राहिलं तर इमोबिलायझर गाडीला परवानगी देत नाहीये. दुसरी चावी वापरून बघा. साध्या चावीतल्या त्या चिपला सेल लागत नाही, त्यामुळे रिमोटचा सेल बदलून हा प्रश्न सुटत नाही. बाहेरून बसवलेला अलार्म, सेंट्रल लॉक किंवा जीपीएस ट्रॅकर असेल तर आधी तिकडे बघा. अॅक्सेसरीवाल्यांनी इग्निशनची वायर कापून मध्ये रिले घातलेला असतो आणि वर नुसती चिकटपट्टी. पावसाळ्यात तो जोड पहिला जातो.

आणखी एक खूण सहसा कोणी सांगत नाही. सेल्फ मारताना काही नाही, पण चावी सोडता सोडता इंजिन क्षणभर ‘फट्’ करून पकडायला बघतं, असं होत असेल तर इग्निशन स्विचकडे जा. स्टार्टच्या जागेवर चावी असताना त्याचा एक पॉइंट इग्निशनचा करंट तोडतो, चावी मागे आली की तो परत मिळतो, पण तोवर सेल्फ थांबलेला असतो.

आता स्कॅनर, म्हणजे ईसीएममधले कोड आणि आकडे वाचणारं यंत्र. महागडा लागत नाही, मोबाइलला जोडायचा साधा ओबीडी अॅडॉप्टरही चालेल. बहुतेक जण कोड वाचतात आणि स्कॅनर काढून ठेवतात. मी आधी चालू आकडे बघतो. सेल्फ मारताना आरपीएम किती दिसतो? साधारण 150 ते 300 मध्ये हलता आकडा दिसला तर क्रँक सेन्सर जिवंत आहे. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्यावरच, म्हणजे ईसीएमच्या लेखी इंजिन थांबलेलंच आहे, मग तो स्पार्क देणार नाही आणि इंजेक्टरही उघडणार नाही. पी0335 हा क्रँक सेन्सरचा कोड बहुधा सोबत असतो, पण नसला तरी शून्य आरपीएम पुरेसा बोलका आहे. म्हणून सेन्सर लगेच बदलायचा असं नाही, आधी त्याची वायर बघायची. हा सेन्सर खाली क्रँक पुलीजवळ किंवा फ्लायव्हीलजवळ असतो, आणि गाडी पावसात उभी होती. उंदरांना आवडते ती हीच जागा. कोरडी, उबदार, आडोशाची. वायरिंग हातात घेऊन टोकापासून टोकापर्यंत चाचपा, इंजेक्टरच्या वायरी आणि पेट्रोलचा रबरी पाइपही बघा, एअर फिल्टरचा डबा उघडा. लेंड्या किंवा कुरतडलेलं फोम दिसलं तर अर्धं निदान झालं.

सेन्सर दोन वायरींचा असेल तर त्याचा रेझिस्टन्स मोजता येतो आणि सेल्फ मारताना एसी व्होल्टेज येतं. तीन वायरींचा असेल तर तो बहुधा हॉल सेन्सर असतो. त्याचा रेझिस्टन्स मोजून काही कळत नाही, त्याला सप्लाय आणि अर्थ मिळतोय का आणि सिग्नल वर-खाली होतोय का एवढंच बघायचं. दोन वायरींच्या सेन्सरचा एक चाळा ओळखीचा आहे: थंड असताना छान, तापला की मेला. गाडी सकाळी लागते, भाजी घेऊन परत आलात की लागत नाही, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा लागते, अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा याच्याकडे बघतो, मग पंपाकडे.

स्कॅनर लावलाच आहे तर अजून दोन आकडे पाहून घ्या. रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचं तापमान आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं हवं. कूलंट उणे 40 दाखवत असेल तर सेन्सरची वायर तुटलीय. काही ईसीएम हा आकडा खोटा म्हणून ओळखतात, पण जो खरा मानेल तो सायबेरियात असल्यासारखं पेट्रोल ओतेल आणि प्लग भिजवेल. इंजिन बंद, चावी ऑन असताना मॅप सेन्सरने (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) बाहेरच्या हवेचा खरा दाब दाखवायला हवा: मुंबईत 100 किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात 95, महाबळेश्वरला 86. पुण्यात उभ्या गाडीत 40 दिसला तर तो सेन्सर खोटं बोलतोय.

यानंतर तुमच्या गाडीची खरी सोय, जी नुसत्या पेट्रोल गाडीवाल्याकडे नसते. तुमच्याकडे दुसरं इंधन आहे! बऱ्याच बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल किटमध्ये (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असलेल्या) थेट गॅसवर स्टार्ट करायची इमर्जन्सी सोय असते, पेट्रोल-गॅस बदलायचा चेंजओव्हर स्विच दाबून धरून चावी फिरवायची अशी काहीतरी पद्धत. किटप्रमाणे ती बदलते, फिटरला विचारा. कंपनी फिटिंगमध्ये ही सोय अनेकदा नसते, काही नव्या गाड्या मात्र मुळातच सीएनजीवर सुरू होतात. करण्याआधी बॉनेट उघडून गॅसचा वास येत नाही ना बघा. वास असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून गाडी फिटरकडे न्या, पुढचं काही करू नका.

गॅसवर इंजिन लागलं, तर एका झटक्यात किती गोष्टी सुटल्या बघा. स्पार्क आहे. कॉम्प्रेशन आहे. टायमिंग ठीक. क्रँक सेन्सर ठीक. इमोबिलायझर ठीक. आणि ईसीएम ठीक, कारण सिक्वेन्शियल किटचा गॅस कंट्रोलर स्वतःहून काही ठरवत नाही, गाडीच्या ईसीएमने पेट्रोल इंजेक्टरला दिलेला सिग्नल वाचूनच तो गॅस सोडतो. म्हणजे ज्या ईसीएमसाठी तुम्ही गाडी विकायला निघालात तो या पाच मिनिटांच्या टेस्टमध्ये निर्दोष सुटतो, आणि दोष टाकी ते पेट्रोल इंजेक्टर या टप्प्यात उरतो. गॅसवरही लागलं नाही तर मात्र यातलं काहीच सिद्ध होत नाही, किट स्वतःच अडलेलं असू शकतं.

पेट्रोलच्या बाजूला सीएनजीवाल्यांची एक जुनी सवय नडते. पेट्रोल फक्त स्टार्टपुरतं लागतं म्हणून काटा कायम रिझर्व्हवर. पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्याच पेट्रोलने थंड होतो. टाकी रिकामी ठेवली की तो तापत, कोरडा फिरत झिजतो. वर तेच दोन लिटर पेट्रोल महिनोनमहिने पडून राहिलं की त्यातला हलका, पटकन पेटणारा भाग उडून जातो, आणि थंड इंजिन सुरू व्हायला नेमका तोच लागतो. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढतं, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल-पाण्याचा थर पेट्रोलपासून वेगळा होऊन तळाशी बसतो. पंप तळातूनच ओढतो. त्यामुळे वरून पाच लिटर ताजं पेट्रोल घालूनही गाडी लागत नाही आणि मग माणूस म्हणतो, ‘पेट्रोल तर भरलंय की!’

म्हणून पेट्रोल डोळ्यांनी बघा. पाइपमधून थोडं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत घ्या. इंजिन गार, लाइनचं प्रेशर आधी उतरवलेलं, मोकळी हवा, आसपास विडी-सिगारेट नाही, शेजारी अग्निशामक. बाटली काही मिनिटं स्थिर ठेवा. खाली वेगळा थर किंवा गढूळपणा दिसला तर टाकी पूर्ण उतरवून साफ करा, फिल्टर बदला.

पेट्रोल चांगलं निघालं तर पंप. चावी ऑन केली की मागच्या सीटखालून साधारण दोन सेकंद ‘घूं’ असा आवाज यायला हवा. आवाज नसेल तर पंपाच्या कनेक्टरवर त्या दोन सेकंदांत 12 व्होल्ट येतात का बघा. करंट येतोय, अर्थ आहे आणि पंप गप्प, तर पंप गेला. करंटच येत नसेल तर नवा पंपही गप्पच बसेल, रिले आणि वायर शोधा. सेल्फ चालू असताना टाकीच्या बुडाला रबरी हातोडीने हलके ठोके दिल्यावर गाडी लागली तर पंपाचे ब्रश संपलेत. घरी पोहोचा आणि पंप बदला, रोज ठोकत बसू नका. फिएट आणि फोर्डच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत धक्का बसला की पंपाचा करंट तोडणारा इनर्शिया स्विच असतो. खड्ड्यात आदळल्यानंतर गाडी बंद पडली असेल तर तो बटण दाबून रिसेट होतो.

आवाज येतोय म्हणजे पंप चांगला, असंही नाही. गेज लावल्याशिवाय प्रेशर कळत नाही. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनला साधारण 3 ते 4 बार लागतं, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधला धरा. प्रेशर बरोबर असून इंजेक्टर उघडत नसतील तर तुमच्या बाबतीत मी गॅस किटच्या वायरिंगकडे जाईन. किट बसवताना पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी कापून गॅस कंट्रोलरमधून फिरवलेल्या असतात, गॅसवर जाताना पेट्रोल बंद करायला. तिथले जोड हिरवे पडले की पेट्रोलवर इंजेक्शनच होत नाही. फिटरला किट बायपास करून इंजेक्टर मूळ वायरिंगवर आणायला सांगा आणि मग सेल्फ मारा.

इंधन आहे की नाही हे पटकन ताडायची दुसरी रीत म्हणजे एअर इनटेकमध्ये कार्ब क्लीनरचा एक छोटा फवारा मारून सेल्फ मारायचा. दोन-तीन सेकंद लागून बंद पडली तर स्पार्क आणि कॉम्प्रेशन आहेत, पेट्रोल नाही. फवारा छोटाच, आपला चेहरा दूर, आणि डिझेल गाडीत हे अजिबात नाही. तिथे गरम हीटर प्लगवर तो वेळेआधीच पेटतो.

स्पार्क बघायला गॅपवाला स्पार्क टेस्टर वापरा, आणि त्याआधी इंजेक्टरचे कनेक्टर काढा. प्लग हातात धरून करंट बघायची जुनी पद्धत सोडून द्या. आजच्या कॉइल हजारो व्होल्ट देतात, हाताला तर बसेलच, कॉइलही जाऊ शकते. प्लग काढलेच तर ते ओले आहेत की कोरडे हे बघा. कोरडे असतील तर पेट्रोल पोहोचत नाही. ओले असतील तर पोहोचतंय पण पेटत नाही, किंवा इतक्या वेळा सेल्फ मारून इंजिन फ्लड झालंय, म्हणजे जादा पेट्रोलने भिजलंय. फ्लड असेल तर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच-सात सेकंद सेल्फ मारा, बहुतेक इंजेक्शन गाड्यांत अशा वेळी ईसीएम पेट्रोल तोडतो आणि सिलिंडर सुकतात. एरवीही एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ नको आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. सेल्फची मोटर तापते, आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं.

स्पार्क आहे, पेट्रोल आहे, प्रेशर आहे, तरी नाही? मग कॉम्प्रेशन मोजा. निरोगी पेट्रोल इंजिनात साधारण 10 ते 14 बार, आणि सिलिंडरांमध्ये फार फरक नको. सगळीकडे सारखंच कमी म्हणजे टायमिंग. पी0016 कोड असेल तर क्रँक आणि कॅमचं जुळत नाही, चेन किंवा बेल्टचं कव्हर उघडायची वेळ आली. क्वचित सायलेन्सर चोंदलेला निघतो.

हे वाचणारा कोणी डिझेलवाला असेल तर त्याची यादी वेगळी. कॉमन रेलमध्ये सेल्फ मारताना रेल प्रेशर साधारण 200 बारच्या वर गेल्याशिवाय बहुतेक ईसीएम इंजेक्टर उघडतच नाही. फिल्टर बदलल्यावर लागेना तर हवा धरलीय, प्रायमर दाबून काढा. एरवी इंजेक्टरच्या रिटर्न पाइपला बाटल्या लावून कोणता जास्त परत सोडतोय ते बघा. हाय प्रेशर पाइपचं नट ढिलं करून हवा काढायची जुन्या इंजिनांची पद्धत इथे करू नका, ती धार कातडीत घुसते. आणि हीटर प्लगला उगाच दोष देऊ नका, आपल्याकडच्या हवेत त्यांच्याशिवायही ही इंजिनं बहुधा लागतात.

ईसीएम खरंच जातो का? जातो, पाणी शिरलं किंवा जंप स्टार्टच्या वेळी प्लस-मायनस उलट लागले तर. पण तो गेला म्हणायचं असेल तर गॅरेजवाल्याकडून तीन उत्तरं घ्या: ईसीएमच्या सॉकेटवर लोडसकट 12 व्होल्ट आणि अर्थ मोजला का, सेन्सरांना जाणारे 5 व्होल्ट आहेत का, आणि स्कॅनर त्याच्याशी बोलतो का. 5 व्होल्ट पडलेले असतील तर सेन्सरांचे कनेक्टर एकेक करून काढत जा. एखादा काढताच 5 व्होल्ट परत आले तर तो सेन्सर किंवा त्याची वायर शॉर्ट होती आणि ईसीएम बिचारा ठणठणीत. जुन्या बाजारातला ईसीएम स्वस्तात लावून देतो असं कोणी म्हणालं तर इमोबिलायझरचं पेअरिंग कोण करणार हे आधी ठरवून घ्या, त्याशिवाय बदललेल्या ईसीएमवरही गाडी अशीच फिरत राहील.

तुमच्या वर्णनावरून माझा कौल जुन्या किंवा पाणी धरलेल्या पेट्रोलला, त्याखालोखाल उंदराने तोडलेल्या वायरीला, मग पंपाला. गॅसवर स्टार्ट करून बघा आणि बाटलीत पेट्रोल घ्या, दोन्ही उद्या सकाळी होईल. गाडी टो करावी लागली तर निघण्याआधी सीएनजी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, आणि गॅरेजमध्ये सेल्फ मारतानाचं व्होल्टेज, आरपीएम आणि पेट्रोलचं प्रेशर हे तीन आकडे जॉबकार्डवर लिहून मागा.